काढा नावाचं बटण

बसवायला एक बटण आणि काढायला सात जन्म, असं कोणी म्हटलं तर ते लग्नाबद्दल बोलतायत असं समजू नका. ते बहुतेक माझ्या धंद्यातले असतील.

मागच्या रविवारी मी घरच्या कॉम्प्युटरवरून एक जुनं सॉफ्टवेअर काढायला बसले. प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, म्हणजे आम्हा लोकांची करवत आणि रंधा. नवं आलं होतं, जुनं नको होतं, विषय संपला. पण कसला संपतोय! मी 'काढा' म्हटलं, तर ते म्हणालं, काढण्याआधी मला अपडेट करा. अरे, तुला घालवायचंय, नटवायचं नाही! तरी केलं अपडेट. मग म्हणालं, माझे काही सोबती अजून काम करतायत, आधी त्यांना थांबवा. सोबती कोण, कुठले, नाव ना गाव. एकेकाला शोधून थांबवलं, तर थांबवलेला पुन्हा चालू. शेवटी 'यशस्वीपणे काढले' अशी पाटी झळकली, आणि डिस्कवरची मोकळी जागा पाहते तर होती तेवढीच. ओसरी दिली की हातपाय पसरी, तसे त्याने कुठे कुठे हातपाय पसरले होते. एक फोल्डर इथे, दोन तिथे, आणि एक 'तात्पुरतं' नावाचं, जे आमच्या फ्रिजपेक्षा जुनं होतं.

नवरा दारात येऊन म्हणाला, "कोणाशी भांडतेयस?"

"काढून टाकलेल्याशी."

"मग तो ऐकत असेल का आता?"

"गेलाय कुठे मेला, न ऐकायला!"

नवऱ्याने दार हळूच ओढून घेतलं. शहाणा माणूस आहे.

हे सांगायचं कारण, मी स्वतः हेच काम करते. गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे मी, आणि गेम काढून टाकणारा प्रोग्रॅम मी लिहिते. लढाया, राक्षस, धबधबे बाकीचे करतात. माणसाला कंटाळा आला की आपला गेम गपगुमान उचलून न्यायचा, हे माझ्याकडे. ऑफिसात मला झाडू म्हणतात. म्हणू देत. घर बांधणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात, पण झाडू फिरला नाही तर चार दिवसांत त्याच घरात नाकाला रुमाल लावून बसावं लागतं.

माझा नियम एकच आहे. आपण ठेवलं तेवढंच उचलायचं. पाहुणे म्हणून कोणाकडे गेलात तर निघताना आपली पिशवी घेता की नाही? चपला तिथे विसरत नाही, आणि यजमानांचा पंखाही काखोटीला मारून आणत नाही. एवढंच. यात अक्कल लागते असं नाही, लाज लागते.

आता आमच्या गेमबद्दल. नाव 'शंभर दारं'. जाहिरात अशी की एक राजवाडा, त्याला शंभर दारं, आणि दर दारामागे वेगळं जग. लोक तीन वर्षं वाट बघत होते. आला तेव्हा कळलं, उघडणारी दारं बोटांवर मोजण्याइतकी, बाकीची नुसती रंगवलेली. पहारेकरी भिंतीकडे तोंड करून चालत राहायचे, जागच्या जागी, शिक्षा केल्यासारखे. बडा घर पोकळ वासा म्हणतात, आमचा तर वासाही रंगवलेला.

आमची चित्रकार माझ्या शेजारी बसते. लोकांच्या शिव्या वाचून तिचा चेहरा एवढासा झाला होता. "अगं, मी दारं काढली," ती म्हणाली. "सुंदर काढली. मागे काय ठेवायचं ते बाकीच्यांनी बघायचं होतं."

"तू दारं काढलीस, आता मी गेम काढते," मी म्हटलं. "आपला धंदाच काढाकाढीचा आहे."

ती हसली, पण रडल्यासारखं.

माझ्या सख्ख्या मोठ्या भावानेही तो गेम घेतला होता. दादा दात बनवतो. म्हणजे डॉक्टर तोंडात माप घेतात आणि ते माप कॉम्प्युटरवर दादाकडे पाठवतात. दादा पडद्यावर तो जबडा फिरवून फिरवून बघतो, त्याला साजेशी कॅप आखतो, आणि मग त्याचं मशीन ती पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून काढतं. आयुष्यात त्याने कधी गेम खेळला नव्हता. "माझ्या बहिणीचा गेम" म्हणून घेतला आणि मला फोनवर म्हणाला, "छान आहे गं."

"खरं सांग."

"दारं उघडत नाहीत," तो म्हणाला. "पण रंग छान आहेत."

लोक हाताने फाइली पुसून गेम काढायला लागले, आणि इथे सरांनी डोकं चालवलं. सर म्हणजे आमचे मालक. वाईट माणूस नाही, पण घाबरला की दोन पावलं पुढचं दिसत नाही त्याला. मी लिहिलेला काढायचा प्रोग्रॅम त्यांनी आधीच गेमबरोबर जाऊ दिला नव्हता. म्हणाले, "दुकानदार गिऱ्हाइकाला बाहेरची वाट दाखवतो का?"

"दाखवत नसेल, सर, पण बाहेरून कडीही लावत नाही."

"'काढा' हा शब्दच कडू लागतो," ते म्हणाले. "काहीतरी गोड लिहा."

"काढा कडूच असतो. गुण येतो तो त्यानेच."

सगळे हसले, सर हसले नाहीत. माझं बटण गेलं आणि त्या जागी दोन बटणं आली, एक भलंमोठं हिरवं 'अजून एक संधी द्या' आणि एक बारीक 'नंतर बघू'. वर एक 'मदतनीस' बसवला, जो रोज सकाळी उठून बघायचा की गेम जागेवर आहे का, आणि नसला तर परत आणायचा. मी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले आणि हरले. मदतनीस रॉकेटने लिहिला. रॉकेट म्हणजे आमच्यातला सगळ्यात भराभर काम करणारा. त्याच्या भराभर कामाची निस्तरानिस्तर कोण करतं, हे विचारू नका.

व्हायचं तेच झालं. लोक चवताळले. एकाने तर जाहिरात टाकली, 'कॉम्प्युटर विकणे आहे. सोबत एक गेम. जात नाही.' ती जाहिरात आमच्या गेमपेक्षा जास्त लोकांनी पाहिली.

सोमवारी सकाळी सर काचेच्या केबिनमधून बाहेर आले ते फोन हातात नाचवत. "जाहीर करून टाकलंय. आज पाच वाजता काढायचा प्रोग्रॅम सगळ्यांना मिळणार. एका बटणात गेम साफ."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, "सर, माझा तयारच आहे. मदतनीस नंतर आलाय, तेवढा त्यात धरायचा राहिलाय. उद्या दुपारपर्यंत..."

"उद्या नाही. रॉकेटने लिहिलाय."

"कधी?"

"चहा पिता पिता," रॉकेट म्हणाला आणि खुर्ची गर्रकन फिरवली. "एका ओळीचं तर काम आहे. तू उगाच त्याचं महाभारत करतेस."

मी ती ओळ बघितली. गेम ज्या फोल्डरमध्ये आहे, तो अख्खा फोल्डर पुसून टाका, बस्स. माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते कळेना. तेवढ्यात सर म्हणाले, "शिक्का मार आणि पाठव."

शिक्का म्हणजे कंपनीची मोहोर. ती उमटल्याशिवाय लोकांचे कॉम्प्युटर आमचा प्रोग्रॅम आत घेत नाहीत. ती मोहोर माझ्या ताब्यात असते. मी म्हटलं, जेवून आल्यावर बघते.

मी डबा उघडला आणि दादाचा फोन आला.

"एक विचारू का? रागावणार नाहीस ना?" असं दादा म्हणाला की समजावं, पाणी डोक्यावरून गेलंय. "तुझा गेम काढायचा असला तर कसा काढायचा?"

"काढ की! रागवायचं काय त्यात?"

"मी शोधून शोधून पुसला होता. सकाळी परत आला." मग हळूहळू एकेक बाहेर पडलं. मशीन दात कोरत असतं, तेवढ्यात तो मदतनीस जागा होतो, कॉम्प्युटर अडखळतो आणि मशीन मध्येच थांबतं. बऱ्याच कॅपा वाया गेल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून एकदा असं झालं तर काम दुसरीकडे देईन. दादाचं सगळं काम त्या एका डॉक्टरांचं. "आणि आता हातात एका शिक्षिका बाईंचं काम आहे," तो म्हणाला. "जिन्यावरून पडल्या, पुढचे दात गेले. पण मागे मी त्यांना एक कॅप करून दिली होती, तेव्हाचं माप आहे माझ्याकडे. पडण्याच्या आधीचं. त्यांना त्यांचेच दात परत देणार आहे मी, जसेच्या तसे. हे काम बिघडलं तर बरं नाही दिसणार गं."

"अरे, मग आधी का नाही बोललास?"

"तुझा गेम आहे. वाईट कसं बोलू?"

असा राग आला ना मला! गेमचा, सरांचा, रॉकेटचा आणि सगळ्यात जास्त या शहाण्याचा. मी म्हटलं, "आज पाच वाजता काढायचा प्रोग्रॅम येतोय. एक बटण दाबायचं की..." आणि मघाशी डोक्यात जे खटकलं होतं ते लख्ख समोर आलं. "दादा, गेम ठेवलायस कुठे?"

"कामांच्या फोल्डरमध्ये. बसवताना त्याने विचारलं, 'कुठे ठेवू?' मी म्हटलं, सगळं जिथे असतं तिथेच ठेव, हरवायला नको."

शहाणा गेम असला की तो दाखवलेल्या जागेत आपल्यापुरती वेगळी खोली करतो आणि त्या खोलीत राहतो. आमच्या गेमला बसवण्याचं काम रॉकेटने केलं होतं. आमचा गेम दाखवलेल्या जागेतच फतकल मारून बसायचा. म्हणजे दादाच्या त्या फोल्डरमध्ये जबडे, दारं, कॅपा, पहारेकरी, सगळी सरमिसळ होती. रॉकेटची ओळ तो फोल्डर दादाच्या कामासकट पुसणार होती.

"दादा, ऐक. तुझ्याकडे या सगळ्याची कॉपी आहे?"

"डॉक्टर म्हणतात ठेव. ठेवणार आहे."

"आत्ता ठेव! आणि मी सांगेपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. पाच वाजता काही आलं तरी नाही. मी स्वतः फोन करेन."

डबा तसाच ठेवून मी केबिनमध्ये गेले. दार ठोठावलं नाही. रॉकेट तिथेच होता.

"सर, हा प्रोग्रॅम जाऊ शकत नाही," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, किती लोक इतके मूर्ख असतील? कामाच्या फोल्डरमध्ये गेम कोण ठेवतं?"

"माझा सख्खा भाऊ ठेवतो."

"एखादा अपवाद..."

"अपवाद नाही. आपण विचारलं, 'कुठे ठेवू?' त्याने सांगितलं. चूक त्याची नाही. ज्याने घरात घेतलं त्याचंच घर आपण झाडून नेणार का? लोक गेमवर हसले, ते ठीक आहे, हसण्यासारखाच आहे. पण हे केलं तर लोक हसणार नाहीत."

"पाच वाजता म्हणून जाहीर केलंय मी!"

"मग जाहीर करा की उद्या. तीन वर्षं वाट बघितलीय त्यांनी. वाट बघायची सवय आपणच लावलीय."

सर उठून उभे राहिले. काचेपलीकडे सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. "हे बघ, तुझं काम शिक्का मारायचं. मारायचा नसेल तर पासवर्ड दे आणि टेबल मोकळं कर. तुझ्या अशा डोक्यातल्या भीतीपायी मी कंपनी बुडवू शकत नाही."

घराचा हप्ता, नवऱ्याची नोकरी आत्ताच गेलेली, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पण दादाचे ते जबडेही आले. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. मी सरांच्या लॅपटॉपवर रॉकेटचा प्रोग्रॅम उघडला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बटण मात्र माझंच होतं, रॉकेटने घाईत माझ्याच जुन्या खिडकीतून उचललेलं. 'काढा'.

"माझ्या डोक्यातली भीती आहे ना? मग दाबा," मी म्हटलं. "आपल्या ऑफिसातल्या मशीनवर शिक्का लागत नाही. तुमचा लॅपटॉप, तुमचा गेम. दाबा ना, सर."

सरांचं बोट पुढे आलं. मग थांबलं.

"गेम कुठे ठेवलाय तुम्ही?" मी विचारलं.

त्यांना आठवत नव्हतं. त्या लॅपटॉपवर त्यांच्या मुलीचे लहानपणापासूनचे सगळे फोटो आहेत, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, कारण दर वाढदिवसाला ते आम्हाला दाखवतात.

"काही होत नाही, सर," रॉकेट म्हणाला.

"मग तू दाब," मी म्हटलं. "तुझ्या मशीनवर. चल, सगळे येतो बघायला."

रॉकेटने हात खिशात घातले. मी दार उघडून बाहेर हॉलमध्ये विचारलं, "कोण दाबतंय? एक जण या. आपला गेम, आपलं बटण. सगळ्या जगाला दाबायला सांगतोय आपण पाच वाजता!"

कोणी हललं नाही. चित्रकाराने तर माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

सर खाली बसले. लॅपटॉप बंद करताना त्यांनी आधी ती खिडकी नीट मिटली, दोनदा तपासून मिटली. मग म्हणाले, "उद्या दुपार. पण खाली नाव तुझं. कंपनीचं नाही. एका माणसाची एक फाइल जरी गेली तरी तू गेलीस, आणि लोक दारात आले तर त्यांच्यासमोर तूच उभं राहायचं."

"चालेल."

"विचार कर."

"केला. नाव मोठ्या अक्षरात टाका."

जीभ सैल सोडणं सोपं असतं, नंतर निस्तरायला बसलं की कळतं. दुपारभर मी आणि रॉकेट शेजारी बसून, गेमने कुठे काय ठेवलंय ते एकेक शोधत होतो. हो, रॉकेटही. न बोलावता खुर्ची घेऊन आला. म्हणाला, "मदतनीस मी लपवलाय, तुला सापडणार नाही." खरंच सापडला नसता. असा बेमालूम कोपऱ्यात दडवला होता की मी त्याच्यासमोर त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि तो खाली मान घालून "हो, हो" म्हणत राहिला. प्रोग्रॅमला शिकवलं, आमचं असेल तेच उचलायचं, आणि आमचं वाटतंय पण माणसाने त्यात काही बदल केलाय असं दिसलं तर हात न लावता विचारायचं. आमच्या मशीनवर दहा तऱ्हांनी करून पाहिलं. सगळं बरोबर चाललं. पण आमची मशीनं आमच्यासारखीच, कुठे काय ठेवायचं ते माहीत असलेली. मला दादाचा गोंधळ हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट त्याच्याकडे गेले. एका दवाखान्याच्या मागची खोली, दाराच्या कडीपासून कॅलेंडरपर्यंत सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. फळीवर प्रत्येक पेशंटची वेगळी डबी, डबीत साच्याचे दात. कोपऱ्यात ते कोरणारं मशीन बंद होतं. दादाने भिंग कपाळावर सरकवलं आणि मला बसायला स्टूल पुसून दिलं. पुसून ते आणखी पांढरं झालं.

"काम बंद ठेवलंयस?"

"तू म्हणालीस ना, कशाला हात लावू नकोस."

मी त्याच्या एकट्याच्या कॉम्प्युटरपुरता तात्पुरता शिक्का मारून माझा प्रोग्रॅम तिथे घातला. खिडकी उघडली. मधोमध एकच बटण, 'काढा', आणि खाली माझं नाव. सरांनी खरंच मोठ्या अक्षरात टाकलं होतं. दादाने ते नाव दोनदा वाचलं. "गेमच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात, तिथे मी शोधलं होतं तुझं," तो म्हणाला. "नव्हतं. म्हटलं, वाचायचं राहून गेलं असेल, म्हणून तो गेम परत खेळलो."

"तो गेम दोनदा खेळलास?" मी विचारलं. "अरे, आमच्या ऑफिसात कोणी एकदाही पूर्ण खेळलेलं नाही!"

"मग? दाबू?"

"कॉपी केलीस ना आधी?"

"हो गं," म्हणत त्याने दाबलंसुद्धा.

मला माझा प्रोग्रॅम पाठ होता. ओळ न् ओळ मी तपासली होती. तरीही पडद्यावर ती हिरवी पट्टी सरकायला लागली तेव्हा मी तोंडाने एकेक मोजायला लागले. दारं गेली. पहारेकरी गेले. मदतनीस गेला. पट्टी एका जागी अडली आणि तिथेच राहिली, आणि मी स्टुलाची कड इतकी घट्ट धरली की बोटं दुखली. मग सरकली. 'काढून झालं. तुमचं सगळं जागेवर आहे.'

दादाने फोल्डर उघडला. नुसते जबडे. वरचे, खालचे, एका आजोबांचा तो तीनच दात राहिलेला. त्याने शिक्षिका बाईंचा उघडला आणि फिरवला. पुढचे दोन दात एकमेकांवर जरासे चढलेले, बाईंचे स्वतःचे. दादाने मशीन चालू केलं. ते घरघरायला लागलं आणि थांबलं नाही.

"बघ," दादा म्हणाला.

"थांब, नुसतं बघून नाही चालत. कॉपीशी ताडून बघू. कुठाय?"

त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला. मी लावला. त्यात एकच फाइल होती. बाईंचा जबडा.

"बाकीचे कुठायत?"

"बाकीचे नाही केले."

"दादा!"

"अगं, बाई परक्या. तू कोण, त्यांना काय माहीत? त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं कसं पणाला लावायचं? म्हणून तेवढं बाजूला काढून ठेवलं." तो ठोकळ्यातून बाहेर येणाऱ्या दाताकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "बाकीच्यांचे दात तोंडात बसलेत, त्यांचं काही अडत नाही. ती नुसती माझी मेहनत होती. माझं मी तुझ्या भरवशावर ठेवलं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाढव म्हटलं, अक्कलशून्य म्हटलं, आईला सांगेन म्हटलं. दवाखान्यातली कंपाउंडर बाई काय झालं म्हणून डोकावून गेली. आणि ओरडता ओरडता मला रडू आलं, ते थांबेचना, आणि तो येडा मला प्लास्टरने माखलेला नॅपकिन देत होता. इतका भरवसा ठेवायचा असतो का कोणावर? मी नसता ठेवला स्वतःवर. मी तिथेच उभी राहून त्याला सगळ्या कामांची कॉपी करायला लावली, एकेक फोल्डर, माझ्या डोळ्यांसमोर. मग खरा शिक्का मारला आणि प्रोग्रॅम सगळ्यांना पाठवून दिला, माझ्या लॅपटॉपवरून, त्याच स्टुलावर बसून, कोणाला न विचारता.

दुपारी सरांचा फोन आला. "पाठवलास? मला न सांगता? काय झालं? कोणाचं काही गेलं का?"

"गेलं ना, सर," मी म्हटलं. "आपला गेम गेला. सगळाच्या सगळा. बाकी कोणाचं काही गेलं नाही."